पाचगणी ते वळिवडे : पोलिश मुलांच्या आश्रयाचा आणि एका स्नेहमंडळाचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आश्रयाला आलेल्या पोलिश मुलामुलींनी प्रौढपणी, जगाच्या निरनिराळ्या देशांत विखुरल्यानंतर, लंडनमध्ये केंद्र ठेवून जे स्वयंसेवी मंडळ चालवले, ते ‘भारतातील पोलिश नागरिकांचे मंडळ, 1942–1948’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. मंडळाची औपचारिक स्थापना युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी झाली असली, तरी त्याच्या नावातच वर्षे अशी काळजीपूर्वक नोंदवलेली आहेत, की त्याचा इतिहास स्थापनेच्या सभेपासून सुरू करता येत नाही. तो सुरू करावा लागतो मुंबईतील पोलिश वाणिज्य दूतावासापासून, म्हणजे 1941 च्या अखेरीस तेथे रेडक्रॉसच्या नावाने कपडे, औषधे आणि अन्न गोळा होऊ लागले तेव्हापासून. त्या कामाचा एक धागा सातारा जिल्ह्यातील पाचगणीला, दुसरा औंध संस्थानाच्या मुलखाला आणि तिसरा मिरजेवरून कोल्हापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला जोडलेला आहे. या इतिहासातील कोल्हापूरचा भाग अलीकडे बराच प्रकाशात आला; सातारा आणि सांगलीकडचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, म्हणून येथे त्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

ही मुले भारतात का आली, हे समजण्यासाठी पोलंडच्या फाळणीकडे पाहावे लागते. सप्टेंबर 1939 मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि 17 सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, निवृत्त सैनिक आणि सरकारी नोकर यांच्या कुटुंबांना फेब्रुवारी 1940 पासून आगगाडीच्या मालडब्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियातील वस्त्यांमध्ये नेण्यात आले, आणि हे सक्तीचे स्थलांतर जून 1941 पर्यंत चार लाटांत चालू राहिले. जून 1941 मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर परिस्थिती पालटली. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात 30 जुलै 1941 रोजी करार झाला, हद्दपार पोलिश नागरिकांची सुटका जाहीर झाली आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली रशियाच्या भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले. वस्त्यांमधून सुटलेली माणसे सैन्याच्या मागोमाग दक्षिणेकडे, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानच्या दिशेने निघाली. वाटेत उपासमार, हगवण आणि प्रलापक सन्निपात, म्हणजे उवांमुळे पसरणारा टायफस ज्वर, यांनी हजारो माणसे दगावली, आणि आईबापांविना उरलेली मुले अश्काबाद, समरकंद अशा ठिकाणी घाईने उघडलेल्या अनाथालयांत जमा झाली. 1942 मधील दोन मोठ्या स्थलांतरांत सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे 1,15,000 माणसे इराणला पोहोचली. त्यांपैकी नागरिक सुमारे 37,000 होते व त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते.

भारताकडे येणारी पहिली वाट मात्र या मोठ्या स्थलांतराहून वेगळी होती आणि ती स्वयंसेवी प्रयत्नांतूनच उघडली. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी, पोलिश रेडक्रॉसच्या भारतातील प्रतिनिधी कीरा बानाशिन्स्का, यांनी मुंबईत गोळा केलेले मदतीचे सामान मालमोटारींच्या ताफ्याने क्वेट्टा, झाहेदान आणि मशहद या मार्गाने अश्काबादपर्यंत पाठवण्याची व्यवस्था केली. रिकाम्या परतणाऱ्या त्याच मोटारींतून अनाथ मुलांना आणावे, ही कल्पना आज साधी वाटते. परंतु युद्धकाळात दोन देशांच्या सीमा ओलांडून, डोंगराळ आणि वाळवंटी रस्त्याने, आजारी मुलांना हजारो किलोमीटर आणणे हे अत्यंत धाडसाचे काम होते, आणि ते पार पडले ते डॉक्टर, चालक व परिचारिका यांच्या चिकाटीमुळे. पोलंडच्या रंगभूमीवर आणि चित्रपटांत गाजलेली गायिका हांका ओर्दोनुव्ना ही या मुलांबरोबर आली, आणि पुढे तिने टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात या प्रवासाची हकिगत नोंदवली. एप्रिल 1942 मध्ये पहिली तुकडी मुंबईला पोहोचली व वांद्रे येथे तिची राहण्याची सोय झाली.

खर्चाचा प्रश्न कसा सोडवला गेला, हे संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. ब्रिटिश हिंदुस्थान सरकार युद्धात गुंतलेले होते आणि या मुलांचा सर्व भार घेण्याची त्याची तयारी नव्हती. अशा वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी, जे त्या काळी नरेंद्रमंडळाचे, म्हणजे भारतीय संस्थानिकांच्या प्रातिनिधिक सभेचे, कुलपती होते, त्यांनी जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उभारण्याची तयारी दाखवली, आणि पोलिश मुलांच्या पालनपोषणासाठी उभारलेल्या निधीत संस्थानिक, उद्योगपती आणि सामान्य देणगीदार यांनी भर घातली. बालाचडीची छावणी जुलै 1942 मध्ये सुरू झाली. तिचा खर्च भारतीय देणग्यांतून चालला, तर पुढे कोल्हापूरजवळ वळिवडे येथे उभ्या राहिलेल्या मोठ्या छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारने उचलला. सर्व श्रेय एखाद्या राजाच्या औदार्याला देणारी कथा लोकप्रिय आहे आणि तीत सत्याचा मोठा अंश आहे. पण निधीचे हिशेब ठेवणारे, रेशनची तजवीज करणारे, मुलांच्या आजारांचे तक्ते राखणारे अनेक हात त्या कथेत दिसत नाहीत, आणि प्रत्यक्षात मुले जगली ती या हातांच्या रोजच्या कामामुळे.

मुलांच्या आरोग्याची अवस्था पाहिली, म्हणजे पाचगणीचे महत्त्व कळते. दोन वर्षांच्या उपासमारीनंतर बहुतेक मुलांची वाढ खुंटली होती. हिवताप, आमांश, डोळ्यांचे संसर्गजन्य रोग, खरूज आणि जीवनसत्त्व ‘क’च्या अभावाने हिरड्यांतून रक्त येण्याचा स्कर्व्ही हा रोग त्यांच्यात सर्रास आढळत होता. दीर्घ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिल्यास ते घातक ठरू शकते, म्हणून आहार हळूहळू वाढवावा लागे. हाताशी आलेला पावाचा तुकडा उशाखाली दडवून ठेवण्याची सवय तर अनेक मुलांना पुढे कित्येक महिने सुटली नाही, आणि तीवर उपचार औषधाचा नव्हता. उद्याही अन्न मिळेल, हा विश्वास रोजच्या रोज वाढलेल्या ताटातूनच परत येणार होता.

या सर्व आजारांत अधिक भीती होती ती क्षयाची. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध 1943 मध्ये अमेरिकेत शोधले गेले, आणि भारतातील सामान्य रुग्णापर्यंत ते पोहोचायला त्यानंतर काही वर्षे लागली. तोवर उपचार म्हणजे विश्रांती, सकस आहार, कोरडी शुद्ध हवा आणि रुग्णाला इतरांपासून वेगळे ठेवणे, एवढाच होता. ज्या संस्थेत हे चारही एकत्र मिळत, तिला सॅनेटोरियम किंवा आरोग्यधाम म्हणत. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,290 मीटर उंचीवरील पाचगणी या कामासाठी आधीच प्रसिद्ध होती. महाबळेश्वरचा प्रचंड पाऊस तेथे येईपर्यंत बराच ओसरतो, त्यामुळे पाचगणीत बारा महिने राहता येते, हे ओळखून जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वस्ती व बागायतीला चालना दिली होती, आणि मुंबईचे क्षयतज्ज्ञ डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये तेथे बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले होते. निवासी शाळा आणि आरोग्यधामे एकाच पठारावर असल्याने, मुलांची प्रकृती आणि शिक्षण यांची एकत्र काळजी घेण्याची परंपरा गावाला होती.

या पार्श्वभूमीवर पोलिश रेडक्रॉसने पाचगणीत अशक्त आणि क्षयाचा धोका असलेल्या पोलिश मुलांसाठी आरोग्यकेंद्र चालवले. छावण्यांमधील गर्दीतून वेगळी काढलेली मुले येथे येत. वजन, ताप आणि भूक यांवर लक्ष ठेवले जाई. प्रकृती सुधारली म्हणजे त्यांना पुन्हा छावणीतील शाळेत पाठवले जाई. त्या काळी मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणारा प्रवासी वाठार स्थानकावर उतरून वाईमार्गे पसरणीचा घाट चढून पाचगणीला येई, आणि सपाट पठार, कृष्णेचे खोरे व ओळीने लावलेले सिल्व्हर ओक हे सायबेरियाच्या बर्फातून आलेल्या मुलांना दिसलेले भारताचे एक अगदी वेगळे रूप होते. गावातील मिशनरी निवासी शाळांमध्येही काही पोलिश मुलींना प्रवेश मिळाला.

याच वर्षांत सातारा जिल्हा कोणत्या अवस्थेतून जात होता, हे येथे विसरून चालणार नाही. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके मोडत होते. 1949 मध्ये त्यांचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. 1942 च्या ‘चले जाव’ चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागात प्रतिसरकार उभे राहिले होते, गावागावांत न्यायमंडळे काम करीत होती, भूमिगत कार्यकर्त्यांचा पाठलाग चालू होता, आणि महागाई व रेशनिंगने सर्वसामान्य माणूस गांजला होता. परकी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या या जिल्ह्यात, परक्या सत्तेने देशोधडीला लावलेली मुले औषधोपचार घेत होती. ही दोन दृश्ये एकाच जिल्ह्याच्या इतिहासात शेजारी-शेजारी असूनही आजवर एकत्र मांडली गेलेली नाहीत, आणि हा केवळ योगायोग मानून सोडून देण्याजोगा विषय नाही; स्वातंत्र्य हरवणे म्हणजे काय, हे दोन्हीकडे रोजच्या जगण्यातून कळत होते.

पोलंड आणि सातारा-सांगली यांच्यातील एक धागा युद्धाच्या आधीच गुंफला गेला होता. वॉर्सा येथे 1901 मध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन हे बंगळुरूच्या एका विद्युत कारखान्याच्या कामासाठी भारतात आले, गांधीजींच्या सहवासाने प्रभावित झाले, ‘भारतानंद’ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी व त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत यांच्याबरोबर त्यांनी एका दुर्मीळ प्रयोगात भाग घेतला. जानेवारी 1939 मध्ये औंध संस्थानाने गांधीजींच्या सल्ल्याने तयार केलेले संविधान लागू केले. त्यानुसार राजाने आपले अधिकार स्वखुशीने प्रजेच्या निवडलेल्या पंचायतींकडे सोपवले. संस्थानाचा मुलूख तुटक होता, आणि आज सांगली जिल्ह्यात असलेला आटपाडीचा भाग त्यातच होता. आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत, म्हणजे भिंती आणि बेड्यांशिवाय शेती करून राहण्याची व्यवस्था, याच प्रयोगातून जन्मली. या वसाहतीच्या कल्पनेत फ्रिडमन यांचा वाटा होता, आणि पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटाच्या मुळाशी हीच वसाहत होती.

फ्रिडमन यांनी आपल्या पोलिश सहकारी वांदा दिनोव्स्का यांच्यासह 1944 मध्ये भारत-पोलिश ग्रंथमाला सुरू केली. दिनोव्स्का 1935 मध्ये भारतात आल्या होत्या, थिऑसॉफीच्या अभ्यासक होत्या, आणि ‘उमादेवी’ या नावाने परिचित होत्या. पोलिश साहित्य भारतीय वाचकांना व भारतीय विचार पोलिश वाचकांना कळावा, हा या ग्रंथमालेचा हेतू होता. छावणीतील पोलिश तरुणांचा भारताशी संबंध रेशनची दुकाने आणि रेल्वेस्थानके एवढ्यापुरताच राहू नये, यासाठी दिनोव्स्का यांनी त्यांना देशाची, येथील लोकांची व विचारांची ओळख करून देण्याचे काम केले. निर्वासितांच्या साहाय्याचा हा भाग सहसा दुर्लक्षिला जातो, पण मुलांच्या कल्याणाचा विचार अन्न आणि औषधांवर थांबत नाही, हे या कामातून स्पष्ट दिसते. पुढे 1959 नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले, तेव्हा याच अनुभवाच्या बळावर दिनोव्स्का धरमशाला येथे तिबेटी मुलांच्या मदतीला धावल्या, आणि 1971 मध्ये म्हैसूर येथे त्यांचे निधन झाले.

इराणमधून समुद्रमार्गे कराचीला येणाऱ्या निर्वासितांची संख्या वाढल्यावर बालाचडी अपुरी पडू लागली आणि 1943 मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. राजाराम महाराजांच्या 1940 मधील निधनानंतर संस्थानाचा कारभार अल्पवयीन राजाच्या नावाने चालला होता. छावणीची जागा मिरज-कोल्हापूर लोहमार्गाला लागून होती. म्हणून वळिवड्याला रेल्वेने येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मिरज जंक्शन ओलांडावे लागे, आणि आज सांगली जिल्ह्यात असलेले हे स्थानक पोलिश निर्वासितांच्या प्रवासातील शेवटचा मोठा टप्पा ठरले. एकूण सुमारे 5,000 माणसे तेथे राहिली. पुरुष आघाडीवर गेलेले असल्याने त्यांत बायका आणि मुले यांचाच भरणा होता.

वळिवड्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. लांबलचक बैठ्या बराकींचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला खोल्या, छोटे स्वयंपाकघर आणि ओटा दिलेला होता. कुटुंबाला ठरावीक भत्ता मिळे आणि बायका शेगडीवर आपल्या पद्धतीचे जेवण रांधत. छावणीत रुग्णालय होते, चर्च होते, अनाथ मुलांसाठी वसतिगृह होते, प्राथमिक शाळांपासून माध्यमिक शाळेपर्यंत आणि व्यवसायशिक्षणापर्यंत सोय होती, आणि सर्व शिक्षण पोलिश भाषेत चाले. वळिवड्यातील बालवीर-वीरबाला चळवळ विशेष भरभराटीला आली. सोव्हिएत रशियाने कैद केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कातिन येथील हत्याकांडातून बचावलेले अधिकारी झ्जिस्वाव पेश्कोव्स्की यांना ती उभी करण्यासाठी पाठवण्यात आले होते. पुढे ते धर्मगुरू झाले. आसपासच्या बाजारातील काही व्यापारी कामापुरती पोलिश बोलू लागले, आणि छावणीतील मुले मराठी शब्द उचलू लागली. यजमानांनी छावणीचा अंतर्गत कारभार पाहुण्यांच्या हाती सोपवला होता, आणि या साऱ्या व्यवस्थेतील हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल, कारण त्यामुळे मुलांची भाषा, धर्म आणि शाळा अखंड राहिल्या, व ती मदतीची ओझी होऊन न राहता आपल्या समाजाची घटक म्हणून वाढली.

युद्ध संपले, परंतु मुलांचा प्रश्न सुटला नाही. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील साम्यवादी सरकारला मान्यता दिली; त्याबरोबर छावणीचा आर्थिक आधारही गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संघटनेने, जी ‘अनरा’ या आद्याक्षरांनी ओळखली जात असे, आणि तिच्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने, जबाबदारी स्वीकारली. अनाथ मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठवले जाईल, ही भीती खरी होती, आणि ती टाळण्यासाठी बालाचडीतील मुलांचे कायदेशीर पालकत्व जामसाहेबांनी, छावणीप्रमुख फादर प्लुता आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्यासह, स्वतःकडे घेतले. 1946 मध्ये बालाचडी बंद होऊन तेथील मुले वळिवड्याला आली. 1947–48 मध्ये छावणीतील बहुतेक कुटुंबे ब्रिटनला गेली, कारण अँडर्स यांच्या सैन्यातील नातेवाईक तेथे होते. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेला गेली, थोडी पोलंडला परतली. वळिवड्याच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले, आणि ती वस्ती आज गांधीनगर या नावाने कापडबाजारासाठी प्रसिद्ध आहे. कीरा बानाशिन्स्का मात्र भारतातच राहिल्या आणि हैदराबाद येथे समाजकार्य करीत राहिल्या.

जगभर पांगलेल्या या मुलांनी एकमेकांशी पत्रव्यवहार चालू ठेवला, शाळासोबत्यांचे मेळावे भरवले, आणि त्यातूनच प्रस्तुत मंडळ आकाराला आले. सदस्यांनी स्वतःच्या आठवणी, छायाचित्रे, शाळेच्या नोंदी आणि सरकारी कागदपत्रे वर्षानुवर्षे गोळा केली, व त्यांचा मोठा ग्रंथ 2000 मध्ये लंडनहून पोलिश भाषेत प्रसिद्ध केला. पुढे त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. पाचगणीतील आरोग्यकेंद्राची आठवण छावण्यांच्या बरोबरीने टिकली, ती प्रामुख्याने या स्वयंसेवी दस्तऐवजीकरणामुळे. भारतातील संशोधनात अनुराधा भट्टाचार्जी यांचा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विषयावरील आधारभूत अभ्यास मानला जातो. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला, येथे निधन पावलेल्या पोलिश व्यक्तींच्या कबरींची डागडुजी झाली, आणि 2019 मध्ये वयोवृद्ध झालेले माजी विद्यार्थी पोलंडच्या प्रतिनिधींसह वळिवड्याला येऊन गेले.

पोलंडमध्ये साम्यवादी राजवट असेपर्यंत हा विषय उघडपणे बोलला जात नव्हता, कारण रशियाने केलेल्या हद्दपारीचा उल्लेख केल्याशिवाय तो सांगताच येत नाही. 1989 नंतर ती अडचण दूर झाली. वॉर्सात एका चौकाला जामसाहेबांची आठवण म्हणून ‘भला महाराजा’ या अर्थाचे नाव दिले गेले, एका शाळासमूहाने त्यांना आपले आश्रयदाते मानले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये कोल्हापूरच्या आतिथ्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारे स्मारक वॉर्सातीलच माँटे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ उभे राहिले. 21 ऑगस्ट 2024 रोजी भारताच्या पंतप्रधानांनी या स्मारकाला भेट दिली, आणि त्याच दौऱ्यात जामसाहेबांच्या नावाने युवक देवाणघेवाण कार्यक्रम जाहीर झाला, ज्यानुसार दरवर्षी 20 पोलिश युवकांना भारतात आमंत्रित करायचे आहे. मंडळाचे मूळ सदस्य आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यातील अनेकांची मुले आणि नातवंडे मेळावे, संग्रह आणि भारताशी असलेला पत्रव्यवहार सांभाळू लागली आहेत.